कृपाचं उष्टावण

आमच्या भिंगारच्या घरात त्या वर्षी काही महिने आम्ही सगळे चोरून जेवत होतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांपासून नव्हे, घरातल्या सगळ्यांत लहान माणसापासून. माझ्या भावाची मुलगी कृपा तेव्हा आठ महिन्यांची होऊन गेली होती, आणि कुणाच्या हातात भाकरीचा तुकडा दिसला की तिची नजर त्या हाताला चिकटायची. हात ताटात गेला की नजर ताटात, हात तोंडाशी गेला की नजर तोंडाशी. आपण चावायला लागलो की तीही रिकामं तोंड हलवायची. दात नाहीत, घास नाही, पण चावणं चालू. सुरुवातीला आम्ही हसलो. पपा तर मुद्दाम तिच्यासमोर बसून फुटाणे खायचे आणि दोघांची तोंडं कशी बरोबर हलतात ते आईला हाक मारून दाखवायचे. मग एक दिवस आई म्हणाली, "पुरे आता, लाज वाटते," आणि तिनं स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. त्यानंतर एकानं कृपाला घेऊन बाहेर ओट्यावर बसायचं आणि बाकीच्यांनी आत पटापट उरकायचं असं सुरू झालं. आवाजही करायचा नाही. रविवारी डाळींची झणझणीत शिपी आमटी व्हायची, तीही आम्ही न भुरकता खायचो. शिपी आमटी न भुरकता खाणं म्हणजे काय शिक्षा असते ते आमच्या नगरकडच्या माणसालाच कळेल.

याचं कारण माझी वहिनी, वैशाली. माझा भाऊ सुहास दूध संघाचा टेम्पो चालवायचा. पहाटे निघून नेवासा तालुक्यातल्या गावांमधून दुधाचे कॅन भरायचे आणि ऊन चढायच्या आत नगरला पोचवायचे, हे त्याचं काम. घोडेगावात ज्या गोठ्यावरून तो दूध उचलायचा, तिथं कॅन मोजून द्यायला वैशाली उभी असायची. पुढचं सांगायला नको. तिचे आईवडील ती लहान असतानाच गेलेले. थोरल्या भावानं, आण्णानं, तिला वाढवलेलं. आण्णा म्हशींचा व्यापारी. घोडेगावच्या बाजारात त्याच्या शब्दाला वजन. त्यानं बहिणीसाठी चांगलं शेतीवाडीचं स्थळ बघितलं, साखरपुड्याचा मांडव घातला, आणि त्याच सकाळी वैशाली दुधाच्या टेम्पोत बसून भिंगारला आली. आमच्या आईनं दार उघडलं तेव्हा तिच्या अंगावर साखरपुड्याची साडी होती आणि हातात काहीच नव्हतं. आम्ही ख्रिस्ती, ते मराठा. तिकडं काय झालं असेल ते ओळखा. आण्णानं म्हणे मांडवातच सगळ्या गावासमोर सांगितलं की माझी बहीण आजपासून मेली, आणि त्या लोकांची पायरी चढलो तर बापाचं नाव लावणार नाही. संघानं शहाणपणा करून भाऊची फेरी राहुरी, देवळालीकडं बदलून दिली. त्यामुळं तिकडचा निरोप येण्याजाण्याची जी एक वाट होती तीही बंद झाली.

पपा निवृत्त मास्तर. आवाज चढवून बोललेलं मी त्यांना कधी ऐकलं नाही, आणि त्यांच्या या सभ्यपणाचा मला तेव्हा अभिमान होता. लग्न त्यांनी कोर्टात लावून दिलं आणि सुनेला एकदाही "आता तू आमच्यातली हो" असं म्हटलं नाही. वहिनी आपणहून रविवारी आमच्याबरोबर देवळात, म्हणजे चर्चमध्ये, यायची, डोक्यावर पदर घेऊन मागच्या बाकावर बसायची आणि प्रार्थनेच्या वेळी आमच्यापेक्षा घट्ट डोळे मिटायची. कृपाच्या बाप्तिस्म्यालाही तिनं हूं की चूं केलं नाही. त्या दिवशी घरी आल्यावर पपांनी सगळ्यांना बसवून सांगितलं, "मुलीचा बाप्तिस्मा आपल्या रीतीनं झाला. उष्टावण सूनबाईंच्या रीतीनं होईल. त्यात कुणी बोलायचं नाही." उष्टावण आमच्यातही होतं. बाळ सहा महिन्यांचं झालं की पाळकसाहेब येऊन प्रार्थना करायचे, आजी चमचाभर खीर चाटवायची, झालं. पण वहिनी म्हणाली, तिच्याकडं पहिला घास मामाच्या हातचाच लागतो. मामानं यायचं, भाच्याला मांडीवर घ्यायचं आणि खिरीचं बोट त्याच्या तोंडात द्यायचं. तोवर दूध चालेल, पाणी चालेल, अन्नाचा कण चालणार नाही. पपांनी मान डोलावली. मामा येणारच नाही, हे त्या दिवशी कुणाच्या डोक्यात आलं नाही. किंवा आलं असेल, पण बोलायचं नाही असं ठरलेलं होतं.

घरात मोबाईल एकच, भाऊचा. नव्या फेरीवरून तो संध्याकाळी घरी आला की वहिनी फोन घेऊन गच्चीवर जायची. तिथं रेंज यायची. लष्कराच्या मैदानावर संध्याकाळचा बिगूल वाजायचा आणि त्या आवाजात ती एका कानावर बोट ठेवून उभी असायची. आधी रिंग पूर्ण वाजून बंद व्हायची. मग अर्ध्यात कट व्हायला लागली. मग नंबर लागेनासाच झाला. खाली आल्यावर ती म्हणायची, "आण्णा बाजारात असंल. तिथं कालवा लई असतो, ऐकू येत न्हाई." दिवस मावळल्यावर कसला बाजार, असं आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. तिच्या एका मामेबहिणीकडून निरोपही धाडला. ती म्हणाली, वैशालीचं नाव काढल्याबरोबर आण्णा उठून गोठ्यात गेला.

मी तेव्हा बारावीला होते आणि त्या वयात माणूस जितका शहाणा असतो तितका पुढं कधीच नसतो. अंधश्रद्धेवर निबंध लिहून मी वर्गात शाबासकी मिळवली होती. एकदा कपडे वाळत घालताना मी वहिनीला सरळ विचारलं, मामानं दिला काय आणि बापानं दिला काय, घास तो घास. तुमचा या गोष्टींवर एवढा विश्वास आहे? तिनं कृपाचं झबलं झटकलं, दोरीवर टाकलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "इस्वासाचं न्हाई वो, एस्तूताई. मामाच्या जागी दुसऱ्या कुनी घास दिला म्हंजी मला भाऊ न्हाई, असं मीच कबूल केलं. मग आण्णा मांडवात बोल्ला त्ये खरंच म्हनायचं. जवर हिचं उष्टावन ऱ्हायलंय तवर माजं माहेर हाय." मी पुढचं झबलं पिळून तिच्या हातात दिलं. पण मूल समोर वाळत होतं.

आणि ते खरोखर वाळत होतं. आता माझ्या शेजारणीची सून बाळाला सहावा महिना लागला की मोबाईलवर बघून गाजर उकडते, भोपळा उकडते, आज काय दिलं आणि पोट कसं झालं ते सासूला सांगते. ऐकताना मला मजाही वाटते आणि आत कुठंतरी चमकतंही. कृपाला आम्ही दूध देत होतो, वरचं दूधसुद्धा. पण बाटली ती तोंडातून ढकलायची आणि वहिनीचं दूध काळजीनं आटलं होतं. मांड्यांवरच्या वळ्या गेल्या. बसायला लागलेली पोर पुन्हा कलंडायला लागली. आईनं तिला दवाखान्यात न्यायला लावलं. आम्ही तिघी गेलो. डॉक्टरीणबाईंनी वजन केलं, मागचा कागद बघितला, पुन्हा वजन केलं. मग कृपाच्या डोळ्याखालची कातडी अंगठ्यानं खाली ओढली. आत लाल दिसायला हवं, तिथं पांढुरकं दिसत होतं.

"काय काय खाते?" त्यांनी विचारलं.

"दूध," वहिनी म्हणाली.

"आणि?"

आई भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायला लागली, मी चपलेकडं.

"मी विचारतेय, आणि काय? वरण, भात, नाचणी?" कुणी बोलेना तेव्हा बाईंचा आवाज बदलला. "नऊ महिन्यांच्या मुलाला नुसतं दूध? हिच्या अंगात रक्त नाही. आजपासून अन्न सुरू करा. पुढच्या वेळी वजन असंच उतरलं तर मी औषध लिहून देणार नाही, मोठ्या दवाखान्यात भरती करायला पाठवीन, कळलं?"

"व्हय," वहिनी म्हणाली. "येत्या आठवड्यात करतो."

बाहेर आल्यावर आईनं तिला काहीच विचारलं नाही. मला आईचा राग आला. आमची आई म्हणजे भाजीवाल्यापासून पाळकसाहेबांपर्यंत कुणालाही तोंडावर सुनावणारी बाई. मग सुनेपुढंच हिची जीभ का अडते? माझ्या मनात त्या दिवशी काय काय आलं ते सांगत नाही. आज मला कळतं की घरात सगळ्यांना एकच भीती होती. पोरीनं आमच्यासाठी घर सोडलं, गाव सोडलं, देवसुद्धा बाजूला ठेवला; तिच्याकडं उरलेली ही एक गोष्ट आपण हिसकावली असं व्हायला नको. पपांना ती भीती, आईला ती भीती, भाऊला तर सगळ्यांत जास्त. आणि वहिनी आम्ही काही बोलत नाही म्हणून आणखी घट्ट होऊन बसलेली. चौघं मोठी माणसं एकमेकांचं मन राखत होती आणि पाचवं उपाशी होतं.

येत्या आठवड्याचा पुढचा आठवडा आला. एका दुपारी मी घाईत होते म्हणून दार न लोटताच आमटीभात घेऊन बसले. कृपा समोर गोधडीवर होती. दोन घास गेल्यावर माझ्या लक्षात आलं आणि मी दचकून तिच्याकडं बघितलं. ती माझ्याकडं बघतच नव्हती. मी घास उचलला, तिच्यासमोर धरला, माझ्या तोंडात घातला, मुद्दाम मोठ्यानं चावला. तिचं तोंड हललं नाही. ती छताच्या पंख्याकडं बघत पडून राहिली. इतके दिवस जिच्या नजरेपासून आम्ही पळत होतो तिनं मागणंच सोडून दिलं होतं. मी ताट तसंच टाकून परसात जाऊन रडले, आणि संध्याकाळी भाऊ आल्यावर त्याला सगळं सांगितलं.

भाऊ कपडेसुद्धा न बदलता स्वयंपाकघरात गेला. वाटीत दूध ओतलं, त्यात बिस्किटं बुडवली आणि चमचा घेऊन बाहेर आला. वहिनी कृपाला मांडीवर घेऊन बसली होती. त्यानं चमचा पुढं केला तशी तिनं पोरीचं तोंड स्वतःच्या छातीत दाबून धरलं.

"सोड तिला, वैशाली."

"न्हाई. चार दिस थांबा. आण्णा येईल."

"नाही येणार तो! तो कधीच येणार नाही, कळत कसं नाही तुला? त्याच्या लेखी तू मेलीस!"

वाटी कुणाच्या हातून उडाली ते मला सांगता येणार नाही. दूध भिंतीवर, पपांच्या खुर्चीवर, कृपाच्या केसांत. कृपा रडली, पण कसं, तर लांबच्या घरातलं मूल रडावं तितकंच. भाऊ भिंतीला टेकून खाली बसला आणि त्यानं तोंड झाकून घेतलं. पपा उठून उभे राहिले, म्हणाले, "सुहास, असं जबरदस्तीनं..." आणि त्यांना आईनं मध्येच तोडलं.

"तुम्ही बसा," आई म्हणाली. "तुमचा चांगुलपणा आता पोरीच्या जिवावर उठलाय. आणि माझाही."

मग तिनं फडकं घेऊन भिंत पुसली, खुर्ची पुसली, कृपाचं डोकं पुसलं, आणि वहिनीला एवढंच म्हणाली, "उद्या सकाळी तयार राहा. तिला घेऊन जायचंय." वहिनीला वाटलं, दवाखान्यात. मलाही तसंच वाटलं.

सकाळी आम्ही रिक्षानं नगरच्या स्टँडवर उतरलो आणि आई औरंगाबादच्या एसटीत चढली. मी काही न बोलता मागून चढले, कारण मला एकदम कळलं. वहिनीला कळायला बस गावाबाहेर पडावी लागली.

"आई, दवाखाना मागं ऱ्हायला."

"राहू दे. आज घोडेगावचा बाजार आहे."

वहिनी ताडकन उठली. बस इमामपूरच्या घाटाला लागली होती, वळणावर तोल जाऊन ती माझ्या अंगावर आदळली. "मला उतरवा. आई, पाया पडते. आण्णानं पायरी चढनार न्हाई म्हनून सांगितलंय."

"आपल्या घराची पायरी चढणार नाही म्हणाला ना? बाजाराला पायरी नसते. खाली बस."

"समद्या बाजारादेखत मला हाकलून दिलं म्हंजी?"

"तर दे म्हणावं हाकलून. निदान वाट बघणं तरी संपेल." आईनं तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि तो हात सोडला नाही. "इतके दिवस मी बोलले नाही, ते चुकलं का बरोबर ते देव जाणे. पण आज ऐकून घे. पोरीच्या मामानं घास दिला तर सोन्याहून पिवळं. नाही दिला तर येताना पांढरीच्या पुलावर बस थांबते, तिथं मी केळं घेऊन माझ्या हातानं भरवणार. तू मला जन्मभर शिव्या दे. मी खाऊन घेईन. पण आज सूर्य मावळायच्या आत ही पोर जेवलेली असेल."

वहिनी रडली नाही. तिनं कृपाच्या डोक्यावर हनुवटी टेकवली आणि घोडेगावपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. एकदाच मला म्हणाली, "एस्तूताई, आण्णा रागात हात उगारतो. तुमी आईंना मागं वढा."

घोडेगावचा बाजार मी त्याआधी पाहिला नव्हता. नजर जाईल तिथवर म्हशीच म्हशी, काळ्या, तेल लावून चकचकीत केलेल्या, शिंगांना रंग फासलेल्या. शेणाचा आणि कडब्याचा वास, टेम्पोची फळकुटं खाली पडल्याचा धाडधाड आवाज, आणि जिकडंतिकडं पांढऱ्या टोपीवाले. तीन बायका आणि एक तान्हं मूल असं आम्ही त्यातून चाललो तसं लोक वळून बघायला लागले. वहिनी पुढं होती. तिला वाट विचारावी लागत नव्हती. एका मोठ्या लिंबाखाली ती थांबली आणि तिनं पदर डोक्यावर ओढला.

आण्णा आम्हाला पाठमोरा होता. त्याच्यासमोर एक म्हातारं गिऱ्हाईक, आणि दोघांचे हात एका रुमालाखाली. बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत, रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून ठरवतात, हे मला ठाऊक होतं. पण प्रत्यक्षात ते बघताना दोन माणसं हातात हात घालून नुसती उभी आहेत असंच वाटतं. शेजारी विकायची म्हैस. तिची कास इतकी तटलेली की तिला पाय जवळ घेता येत नव्हते. बाजाराच्या दिवशी सकाळची धार काढत नाहीत, कास भरलेली दिसावी म्हणून. आमच्या घरात महिनोन्‌महिने भाऊची दुधाच्या धंद्यातली बोलणी ऐकून मला एवढं कळत होतं.

"आण्णा," वहिनीनं हाक मारली.

त्याच्या खांद्यांवरून कळलं की त्यानं ऐकलं. पण तो वळला नाही. हात रुमालाखालीच.

आई पुढं झाली. "नमस्कार. मी वैशालीची सासू. तुम्ही आमच्याकडं येणार नाही, म्हणून आम्हीच आलो. भाचीचं उष्टावण राहिलंय. तुमच्या हातचा एक घास द्या, आम्ही निघून जातो. पाणीसुद्धा मागणार नाही."

आजूबाजूची बोलणी थांबली. आण्णानं मान थोडी वळवली, पण बघितलं ते आईकडं, वहिनीकडं नाही. लांबरुंद माणूस, कानापर्यंत गेलेल्या मिशा, आणि डोळे थेट वहिनीचे. "बाई, तुमची वाट चुकली," तो म्हणाला. "मला भन न्हाई. भाची कुटली?"

"आण्णा, एकदा बघ तरी तिच्याकडं," वहिनी म्हणाली.

"तुमचा पोरगा माजंच दूद न्यायला येत हुता," तो आईलाच म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. "माज्या दारात च्या पिऊन गेला त्यो. जावा. गिऱ्हाईक खोळंबलंय." आणि त्यानं पाठ फिरवली.

आईनं माझ्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं की पांढरीच्या पुलावरचं केळं तिनं आत्ताच मनात सोलायला घेतलंय. मी वहिनीचा दंड धरला, चला म्हणाले. ती हलली नाही. लिंबाच्या बुडाशी आण्णाचं फडक्यातलं जेवण सोडून ठेवलेलं होतं, बाजरीची भाकरी आणि डब्यात कालवण. वहिनी तिथं गेली, मांडी घालून मातीत बसली, कृपाला मांडीवर आडवी घेतली आणि त्यातली भाकरी मोडली.

"बरं," ती म्हणाली. मोठ्यानं, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं. "तुला भन न्हाई, मग मलाबी भाऊ न्हाई. हिचा मामा मेला. मेलेल्या मानसाची वाट मी का बघू? मीच देते." तुकडा डब्यातल्या कालवणात बुडवला आणि लेकीच्या तोंडाजवळ नेला. एवढे महिने जिनं घरातल्या सगळ्यांना अडवलं ती स्वतःच्या हातानं स्वतःचं माहेर तोडायला बसली होती, आणि मला तिच्याकडं बघवेना.

"अगं ए! तिकाट हाय त्ये!"

रुमाल खाली पडला. आण्णा दोन ढांगांत तिथं आला आणि त्यानं वहिनीचं मनगट धरलं. मी आईला मागं ओढलं. पण त्यानं फक्त तो तुकडा तिच्या हातातून काढून घेतला आणि लांब फेकला. "अक्कल हाय का? लेकराला ठेचा घातल्यालं कालवन चारतीस? जीब भाजंल तिची!"

म्हातारं गिऱ्हाईक मागून म्हणालं, "अवं, सौद्याचं काय?"

"थांबा जरा."

"थांबतो, थांबतो. म्हस कुटं पळून जाती."

आण्णानं आपल्या टेम्पोतून जेवायची खोलगट पितळी घेतली, म्हशीच्या पोटाशी उकिडवा बसला आणि ज्या कासेवर त्याचा आजचा सगळा भाव उभा होता तिच्यातून धार काढली. भरभर चार हात मारले आणि फेसाळलेली पितळी घेऊन वहिनीच्या समोर येऊन बसला. भाकरीचा पापुद्रा सोलून टाकला, आतला मऊ भाग दुधात कुस्करायला घेतला. बोटांच्या पेरांनी गुठळी न् गुठळी शोधून फोडत होता. आजकालचे डॉक्टर कच्च्या दुधाला डोळे वटारतील, वटारू देत. मी तेवढ्या निगुतीनं मळलेलं अन्न पुढं माझ्या दोन्ही लेकरांनाही दिलेलं नाही.

"असं मऊ करून द्यायचं," तो पितळीकडं बघत म्हणाला. "तुला असंच द्यायचो. आई गेली तवा तू हिच्यायवडीच हुतीस." मग पितळी तिच्याकडं सरकवली. "चार आता. मी देनार न्हाई. मी बोललोय, ते बोललोय."

वहिनीनं पितळी घेतली नाही. आणि तेवढ्यात कृपानं, जिनं काल माझ्या घासाकडं मानसुद्धा वळवली नव्हती, हात पुढं केला. दुधाच्या वासानं असेल. आण्णाचं बोट भाकरीनं माखलेलं तिच्यासमोरच होतं. ते तिनं मुठीत धरलं, तोंडात ओढलं आणि चोखायला लागली. आण्णानं हात मागं घेतला नाही. घ्यायला गेला असता तरी तिनं सोडला नसता. बोट चोखून स्वच्छ झालं तशी ती चिडून ओरडली. त्यानं न कळत दुसरं बोट पितळीत बुडवलं. मग तिसरं. ती हिरड्यांनी चावत होती, गिळत होती, ठसकत होती आणि पुन्हा तोंड वासत होती. सभोवती उभी राहिलेली माणसं आधी हसली, आणि मग ते खाणं बघून हसायची थांबली.

आण्णाही थांबला. त्यानं पहिल्यांदा कृपाकडं नीट बघितलं. तिचा दंड दोन बोटांत धरून बघितला, म्हशीचं रेडकू धरून बघावं तसा. आणि एकदम आईवर उसळला, "किती दिसांची उपाशी हाय ही? लेकराच्या अंगावर मांस न्हाई! तुमच्या घरात पोरीला कुनी घास देत न्हाई व्हय वो?"

आई वहिनीकडं वळली.

"कोन देनार?" वहिनी म्हणाली. "घास मामानं द्यायचा असतो. आमी समदी तुजीच वाट बगत हुतो, आण्णा."

आण्णाचे हात पितळीतच राहिले. मिशांवरून पाणी ओघळत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. मग त्यानं तळाची भाकरी गोळा करून एक मोठा घास केला. कृपा त्या घासासाठी दोन्ही हात नाचवत होती, पण तो घास तिच्यासाठी नव्हता. तो त्यानं वहिनीच्या तोंडासमोर धरला.

"खा," आण्णा म्हणाला. "तूबी लई वाळलीस."

वहिनीनं तोंड उघडलं.